जरा मीठ बघ

२१ ऑक्टोबर, मंगळवार

केशर उमललं. भिंतीच्या कडेचा वाफा जांभळा झालाय. ऊन चढायच्या आत फुलं खुडून आणली, नाहीतर दुपारी माना टाकतात. स्वयंपाकघरात टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसले आणि लाल काड्या सुट्या केल्या. बोटं पिवळी झाली. दरवर्षी या वेळी घरभर वास असतो, थोडा मधासारखा, थोडा सुक्या गवतासारखा. आज काही नाही!

आधी वाटलं, यंदाचं केशरच हलकं निघालं. मग साबण नाकाशी नेला. कॉफीचा डबा उघडून त्यात नाकच घातलं. काही म्हणजे काही नाही. गेल्या आठवड्यातल्या तापाने माझं नाक नेलं की काय?

हार्लन आत आला. "काय गं, डब्यात काय शोधतेस?" म्हटलं, मुंगी गेली आत. पन्नास वर्षं संसार केलेल्या नवऱ्याशी इतक्या चटकन खोटं बोलता येतं, हे मला नवीनच होतं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

तळहातावर मीठ घेऊन चाटलं. वाळू. साखर — तीही वाळू. व्हिनेगरने घसा जळला, पण आंबट काही लागलं नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

चर्चच्या पायऱ्यांवर फर्नने गाठलं. नणंद आहे, गाठणारच. "व्हर्ना, किती वाळलीस गं! यंदा थँक्सगिव्हिंगला हॉटेलात जाऊ या का सगळे? तयार जेवण मांडलेलं असतं, भांडी घासायला नकोत. वय झालं आता तुझं." माझं वय झालं! ही माझ्याहून तीन वर्षांनी मोठी.

शेजारी सून उभी. ट्रिशा वाईट नाही, मी कधी म्हटलं नाही तसं. तिने हळूच पुस्ती जोडली, "किंवा आमच्याकडे करू, आई. मी गेल्या वर्षीही म्हणाले होते. तुम्ही नुसतं येऊन बसायचं."

नुसतं येऊन बसायचं! एकदा हे जेवण त्यांच्या घरी गेलं की माघारी यायचं नाही. ट्रिशाच्या माहेरी पावाचं सारण करतात, कोरडं, सेज नावाचा पाला घालून. आमचं बटाट्याचं सारण, त्यातलं केशर, वाळवलेला मका, सगळं वर्ष-दोन वर्षांत संपेल. आणि मी कोपऱ्यातल्या खुर्चीत पाहुणी. कोणीतरी माझ्या मांडीवर रुमाल पसरेल.

म्हटलं, "जेवण माझ्याकडेच आहे. तीन वाजता. भुकेल्या पोटी या." आणि ताठ मानेने गाडीत जाऊन बसले. या कुटुंबात माझ्याबद्दल एकच चांगली गोष्ट बोलली जाते — व्हर्नाच्या हाताला चव आहे. ती गेली हे कळलं तर उरलं काय? झाकली मूठ सव्वा लाखाची. या वहीबाहेर अवाक्षर नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

रंगीत तालीम केली. साधी कोंबडी, थोडं सारण, थोडी ग्रेव्ही.

गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त स्वयंपाक नाकाजिभेशिवाय येतो! लोण्यात कांदा आणि सेलरी टाकली की आधी जोरात चुरचुरते, मग आवाज खाली बसतो. आवाज बसला की झालं, पुढे गेलात तर करपणार. बटाटा सुरीवरून आपसूक घसरून पडला की शिजला. शिळ्या पावाचे तुकडे मुठीत दाबले तर कुरकुरले पाहिजेत. मऊ पाव घेतला की सारणाची खीर होते. बटाटे गरम असतानाच चेचायचे. थंड झालेला बटाटा चेचला तर डिंक. केशर कोरडं टाकायचं नाही, गरम सुपाच्या वाटीत चुरडून झाकून ठेवायचं, वाटी शेंदरी झाली की ओतायची. हे सगळं डोळ्याला दिसतं, कानाला ऐकू येतं. मीठ मात्र ना दिसतं ना ऐकू येतं.

तिथे हार्लन कामाला येतो. आमची जुनी सवय आहे. मी चमचा आधी स्वतः चाखते, मग त्याच्यापुढे धरते. "जरा मीठ बघ." आजही तसंच केलं. चाखल्याचं नाटक केलं आणि चमचा पुढे केला. त्याने तोंडात घेतला, माझ्याकडे बघत राहिला जरा. मला वाटलं, पकडली गेले! मग म्हणाला, "बरोबर आहे."

बरोबर आहे! देव भलं करो त्याचं. जीभ नवऱ्याची आणि हात माझे. निभेल.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

हार्लनला न सांगता डॉक्टरकडे जाऊन आले. म्हणाला, "येईल परत. कधी, ते सांगता येत नाही. कधीकधी नाहीही येत." याचे पैसे घेतात!

१९ नोव्हेंबर, बुधवार

पाव कापून ट्रेमध्ये पसरून ठेवला. आठवडाभर उघडा वाळेल. हार्लन येताजाता एकेक तुकडा तोंडात टाकतो, वर पाणी पितो. पाण्याचा पेला त्याच्या हातात कायम. नको म्हटलं की म्हणतो, "उंदरांनी खाल्ला."

आज दुपारी उगाच रडू आलं. मफिन भाजत होते. भाजल्याचा वास नाही म्हणजे घरात कोणी नसल्यासारखं वाटतं. पाच मिनिटं रडले. तेवढ्यात तळ लागला, तेही कळलं नाही. धूर दिसला तेव्हा पळाले. खालचा भाग कापून टाकला आणि वरचे भाग हार्लनला दिले. "मस्त झालेत," म्हणाला. भला माणूस.

२४ नोव्हेंबर, सोमवार

टर्की आणली. नेहमीच्याच शेतावरून. म्हातारा आता आरामखुर्चीत, कारभार मुलाकडे. पोरगा खूप बडबडत होता, आम्ही यंदा असं केलंय आणि तसं केलंय. मी निम्मं ऐकलं. मागे रांग लागली होती आणि माझं सगळं लक्ष पक्षी निवडण्यात. छाती रुंद हवी, कातडी कुठे फाटलेली नको. छान मिळाली.

घरी आल्याबरोबर पिशवी फाडून कचऱ्यात टाकली आणि पक्षी कोरडा पुसला. आत हात घालून मान आणि काळीज-पोटाची पुडी काढली. एका वर्षी ट्रिशाने ती पुडी आतच ठेवून कागदासकट भाजली होती, फर्न अजून तो किस्सा सांगते. मग मीठ. आमच्याकडे पक्षी मिठाच्या पाण्यात बुडवत नाहीत. कोरडं मीठ चोळायचं, कातडीखाली बोटं सरकवून छातीच्या मांसालाही, आणि गुरुवारपर्यंत फ्रिजमध्ये उघडा ठेवायचा. कातडी कागदासारखी सुकते आणि मग भाजताना कुरकुरीत होते. हात सढळ ठेवला. मीठ कमी पडलं तर टर्की म्हणजे ओला पुठ्ठा.

२६ नोव्हेंबर, बुधवार

पहाटेपासून उभी आहे. मान आणि काळीज उकळून सूप काढलं, त्यात केशर. बटाटे, पाव, अंडी, लोणी. सारण पिवळं धमक झालं, बघूनच जीव थंड झाला. मका काल रात्रीच दुधात भिजत घातला होता, आज मंद आचेवर ठेवला. भोपळ्याच्या दोन पाई झाल्या. एक मधोमध चिरली, ती फर्नपुढे ठेवीन.

"जरा मीठ बघ" — सारणाचं, मक्याचं, सगळ्याचं. हार्लनचं उत्तर एकच. "बरोबर आहे."

२७ नोव्हेंबर, गुरुवार, सकाळी

पक्षी ओव्हनमध्ये गेला. छातीच्या कातडीखाली लोणी भरलं, पाय दोऱ्याने बांधले. हार्लनने दोऱ्यावर बोट धरलं आणि मी गाठ मारली.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

काल काही लिहायचं त्राण नव्हतं. आज सगळं लिहिते.

पक्षी दिसायला असा देखणा! मांडीच्या सांध्याशी सुरी टोचली तर स्वच्छ रस आला. झाकून बाजूला ठेवला, निदान अर्धा तास तरी. घाईने कापला की रस पाटावर आणि मांस कोरडं. तेवढ्या वेळात तळाच्या रसाची ग्रेव्ही केली. हार्लनने चाखली. "बरोबर आहे."

तीन वाजता सगळे बसले. फर्न, आमचा मुलगा कर्टिस, ट्रिशा, त्यांची दोन मुलं, आम्ही दोघं. जेवणाआधी प्रत्येकाने एका गोष्टीबद्दल देवाचे आभार मानायचे असतात. कर्टिसने नव्या नोकरीबद्दल मानले. फर्नने स्वतःच्या गुडघ्यांबद्दल. हार्लन म्हणाला, "व्हर्नाच्या हातच्या जेवणाबद्दल." मला कसंसंच झालं.

मग घास. कर्टिसने पाण्याचा पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला. मुलांनी आईकडे बघितलं. ट्रिशाने नुसते डोळे मोठे केले, मुलं गप्प. पाण्याचा जग फिरला, रिकामा झाला, कर्टिस भरून घेऊन आला, पुन्हा रिकामा. ग्रेव्हीचं भांडं टेबलाला फेरी मारून माझ्याकडे परत आलं, आणि ते भरलेलंच! या घरात असं कधी झालं नाही. तरी मी मनाची समजूत घालत होते. मग फर्नने काटा खाली ठेवला, खिडकीकडे बघितलं आणि गोड आवाजात म्हणाली, "पडदे नवीन वाटतं?"

पडदे आठ वर्षांचे आहेत. फर्न गोड बोलली म्हणजे घर बुडालं.

आणि हार्लन? हार्लन शांतपणे जेवत होता. वर परत ग्रेव्ही वाढून घेतली!

"पाव आणते," म्हणून मी आत आले आणि ओट्याला धरून उभी राहिले. मागोमाग ट्रिशा. दार लोटून घेतलं तिने.

"आई, खरं सांगू?"

"सांग."

"मीठ. सगळ्यातच. टर्कीत तर… तुम्ही चाखली नाही का?"

"चाखली. मला कळत नाही."

"काय कळत नाही?"

"काहीच कळत नाही, ट्रिशा. महिना झाला. साखर नाही, मीठ नाही, केशर नाही. तुझ्या सासूची जीभ गेली. आता जा बाहेर आणि सांग त्यांना. पुढच्या वर्षी हॉटेल."

वाटलं, ती गळ्यात पडेल आणि मी कोसळेन. नाही पडली. खुंटीवरचा माझा ॲप्रन घेतला आणि स्वतःच्या कमरेला बांधला. "पण मीठ इतकं झालं कसं? तुमचा हात असा जात नाही." कचऱ्याच्या डब्यात वाकली, सोमवारची पिशवी काढली. तिच्यावर पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली होती — मिठाच्या पाण्यात मुरवलेली आहे, वेगळं मीठ लावू नये. तो पोरगा हेच बडबडत होता! मी त्यावर माझं मीठ चोळलं. त्याच पुडीतल्या मानेचं सूप सारणात. त्याच रसाची ग्रेव्ही. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा.

ट्रिशा दाराशी गेली आणि बाहेर ओरडली, "मंडळी, यंदा पाई आधी!"

"हा कुठला नवा नियम?" फर्नचा आवाज.

"आमच्या माहेरचा!"

असला नियम कोणाच्याच माहेरी नसतो. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मग आम्ही दोघी. मी सांगायचं, तिने चाखायचं. आधी मोठ्या भांड्यात बटाटे, आळणी. मिठाचा कणही नाही. फर्नचं जुनं पालुपद आहे की खारट रश्शात कच्चा बटाटा टाकला की तो मीठ ओढून घेतो. काही ओढत नाही, नुसता खारट बटाटा मिळतो. खारट झालं की एकच इलाज, वाढवा. ग्रेव्ही निम्मी ओतून दिली, उरलेल्या निम्मीत साधं पाणी, दूध, थोडं पीठ लोण्यात परतून. सारण निम्मं काढलं, त्यात नवे बटाटे गरमागरम चेचून, दूध, दोन अंडी, आणि पुन्हा केशर. टर्कीचे काप उथळ भांड्यात मांडून वर उकळतं पाणी; पाच मिनिटांनी ते पाणी फेकायचं, वर लोणी सोडायचं. कातडी वेगळी काढून ओव्हनमध्ये कुरकुरीत केली. ती खारटच चांगली लागते, चखण्यासारखी.

"केशर पुरे का?" तिने विचारलं. चमचा तोंडात, डोळे बारीक. "कसं लागायला हवं, आई? मला शब्दांत सांगा."

मला कधी कोणी असं विचारलं नव्हतं. विचार केला. म्हटलं, "आधी काहीच नाही. गिळल्यावर मागून कळतं. आधी कळलं तर जास्त झालं."

तिने पुन्हा चाखलं. थांबली. मग हसली. "आलं. मागून आलं!"

अंधार पडता पडता पुन्हा पानं मांडली. फर्नने दोनदा सारण घेतलं. "बरं झालंय," म्हणाली, "गेल्या वर्षीपेक्षा ओलं आहे." फर्नच्या तोंडून हे म्हणजे पदकच. कोणी काही विचारलं नाही. भांडी ट्रिशाने घासली, ओटा पुसला, डबे भरले, मला खुर्चीवरून उठू दिलं नाही.

निघताना दारात थांबली. "पुढच्या वर्षी —" मी मनाची तयारी केली. "पुढच्या वर्षी मी आदल्या दिवशीच येते. जीभ घेऊन." आणि गाडीत जाऊन बसली.

इतकी वर्षं मी तिला त्या कागदाच्या पुडीवरून ओळखत होते!

२९ नोव्हेंबर, शनिवार

हाडांचं सूप केलं, त्यात पिठाच्या बारीक गोळ्या टाकल्या, मीठ अजिबात नाही. कालपासून दोघांनाही तहान फार. टर्कीचं मीठ अजून अंगात असणार.

सगळं निभावलं, ट्रिशाने तोंड उघडलेलं नाही, मला खरं तर हलकं वाटायला हवं. वाटत नाही. एक काटा आहे आणि तो हार्लन.

त्याने चाखलं होतं. सारण, ग्रेव्ही, सगळं. मी त्याच्या जिभेवर विसंबले आणि त्याने मला सगळ्यांसमोर उघडं पाडलं. आज सकाळी विचारलंच. "ग्रेव्ही खारट होती, तू बोलला का नाहीस?"

"होती का? मला आवडली."

"तीनदा घेतलीस!"

"भूक लागली होती."

म्हणजे कीव! बायको म्हातारी झाली, तिचं मन मोडायला नको, खा निमूट. लग्नाच्या पहिल्या वर्षी माझा पाव दगडासारखा झाला होता तेव्हा याने तो दाराला अडसर म्हणून लावला होता आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो. तो हार्लन मला हवा आहे. हा गुळमुळीत, बरोबर-आहेवाला नको. दिवसभर त्याच्याशी धड बोलले नाही. त्याने अंगणात जाऊन केशराच्या वाफ्यावर पेंढा पसरला, खारी उकरतात म्हणून.

३० नोव्हेंबर, रविवार

नाश्ता करत होतो. ट्रिशाचा फोन. "आई, घोटाळा झालाय! गुरुवारी आवरताना साखरदाणी रिकामी दिसली म्हणून मी भरली. आत्ता झोपेतून उठताना आठवलं, निळ्या पिशवीतून भरली. निळी पिशवी मिठाची ना? तुम्हाला कळायचं नाही, पण बाबांनी घर डोक्यावर घेतलं असेल!"

म्हटलं, "हो, घेतलं."

फोन ठेवला. हार्लन समोर बसला होता. मिठाच्या कॉफीची ही तिसरी सकाळ. दोन चमचे टाकून ढवळत होता. प्याला. ओठ पुसले.

"कधीपासून?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे बघितलं, साखरदाणीकडे बघितलं, आणि त्याला सगळं कळलं. "कॅन्सरसाठी घशाला शेक घेतले तेव्हापासून. चार वर्षं. चव परत आली म्हणून सांगितलं तुला. तू किती काय काय करून घालत होतीस तेव्हा. रडत होतीस."

"आणि रोज मीठ कसं सांगायचास?"

"तू आधी चाखायचीस ना. तुझ्या तोंडाकडे बघून सांगायचो. कमी असलं की तुझी डावी भुवई वर जाते." त्याने कप खाली ठेवला. "या महिन्यात तुझं तोंड काही सांगतच नव्हतं. मला वाटलं, तू माझ्यावर रागावलीयस."

चार वर्षं मी दोघांच्या वाटची चव घेत होते, आणि मला पत्ताच नाही!